बटाटे सोलण्याचा वेळ

‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरवीत आले आहे. २०२२ साली हा मान प्रथमच एका स्त्रीच्या कृतीला लाभला. बेल्जियमच्या शांताल अकेरमान (१९५०-२०१५) यांचा ‘जान दिलमान’ (१९७५) हा तो चित्रपट. तो केला तेव्हा त्या अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या.

ब्रुसेल्समधील एका विधवेचे तीन दिवस येथे २०१ मिनिटांत दिसतात. स्थिर कॅमेऱ्यासमोर ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते. चरितार्थासाठी ती दुपारी देहविक्रयही करते. परंतु पहिले दोन दिवस तो बंद दाराआड राहतो, बटाटे मात्र आपल्या डोळ्यांसमोर! दुसऱ्या दिवशी ते जास्त शिजतात, आणि घडी विस्कटू लागते ती थेट हत्येपर्यंत.

चित्रपट कंटाळवाणा आहे, हा आक्षेप जुनाच. पण जे काम स्त्रीने जन्मभर निमूटपणे करावे, ते तीन तास नुसते पाहणेही आपल्याला जड का जावे? ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या आईची ही कन्या. तिच्या अखेरच्या चित्रपटातही (२०१५) मायलेकी स्वयंपाकघरात बोलत बसलेल्या दिसतात. इतिहास रणांगणावर घडतो, तसाच ओट्यापाशीही घडत असतो. तेथे पाहणारे कोणी नसते, इतकेच.