सेकंद नेमका सुरू कधी होतो?

संगणकाच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ आपण निमूट खरी मानतो. ती मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक मात्र साधाच असतो. दहा लाखांत वीस भागांची चूक त्यात सहज असते. म्हणजे दिवसाला जवळजवळ पावणेदोन सेकंद. म्हणून बहुतेक संगणक इंटरनेटवरून वेळ विचारून घेतात. डेव्हिड मिल्स यांनी १९८०च्या दशकात घडवलेली एनटीपी ही त्याची पद्धत. निरोपाला जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, असे ती धरून चालते. प्रत्यक्षात तसे नेहमी घडत नाही आणि काही मिलिसेकंदांचा फरक राहून जातो.

जिथे तेवढाही फरक खपत नाही, तिथे वेळ थेट आकाशातून घेतात. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून पल्सार ताऱ्यांचे ठोके टिपतात, तेव्हा नोंदींवर जीपीएसच्या वेळेचा शिक्का लागतो. जीपीएसला आपण रस्ता विचारतो, पण मुळात ती घड्याळांचीच यंत्रणा आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळे असतात आणि संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघते. स्थान आणि वेळ दोन्ही हवी असतील तर चार उपग्रह लागतात. अँटेना पक्की बसवलेली असेल आणि तिची जागा अचूक ठाऊक असेल, तर वेळेपुरता एकही पुरतो.

जीपीएसचा रिसीव्हर संगणकाला जोडला की दर सेकंदाला अक्षरांच्या ओळी येऊ लागतात. त्यांतली वेळ जागतिक (यूटीसी) असते, म्हणून एखाद्या ओळीत ०६३००० दिसले की समजायचे, भारतात दुपारचे बारा वाजले. इथेच काम झाले असे वाटते, पण ते झालेले नसते. ९६०० बॉडच्या वेगाने एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद जातो. सत्तर अक्षरांची ओळ संपेपर्यंत सत्तर मिलिसेकंद गेलेले असतात. शिवाय उपग्रह कमी-जास्त दिसतील तशा सोबतच्या ओळीही कमी-जास्त होतात, त्यामुळे हा उशीर रोज सारखाही राहत नाही.

खरी किंमत आहे ती पीपीएस (दर सेकंदाला एक पल्स) नावाच्या वेगळ्या तारेला. सेकंद सुरू होताच तिच्यावरचा विद्युतदाब झटकन चढतो आणि चांगल्या रिसीव्हरमध्ये हा क्षण मायक्रोसेकंदाच्याही छोट्या अंशापर्यंत अचूक असतो. ओळ म्हणजे ‘आता बाराचे टोले पडतील’ असे सांगणारा माणूस आणि ही पल्स म्हणजे प्रत्यक्ष टोला. ही तार सिरियल पोर्टच्या पिनला किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनला जोडावी. यूएसबीतून आणली तर संगणक ठरावीक अंतराने विचारपूस करतो आणि कमावलेली अचूकता तिथेच सांडते.

या पल्सशी संगणकाचे घड्याळ जुळवण्याचे पुढचे काम क्रोनीसारखा प्रोग्राम करतो. घड्याळ चालू असताना तो सहसा काटे एकदम फिरवत नाही, त्याची चाल किंचित वाढवतो किंवा कमी करतो. वेळ अचानक मागे गेली तर बँकेच्या नोंदींचा क्रमच उलटापालटा होईल, म्हणून हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

आकाशातले घड्याळही चुकते, हे मात्र विसरू नये. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती प्रसारित झाली आणि जगभरातल्या अनेक यंत्रांची वेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी घसरली. त्यामुळे अँटेना गच्चीवर मोकळ्या आकाशाखाली लावा, पण पडताळणीसाठी इंटरनेटवरचे दोन-तीन वेळ-सर्व्हरही जोडून ठेवा.