बाजाराला पोरं बरोबर असली तर

बाजाराला निघालं की पोरं मागं लागतात. आपण म्हणतो, "नको रे बाबा, कामाचा खोळंबा होईल." आम्हीही असंच म्हणायचो. पण एका रविवारी घरी पोरांना सांभाळायला कुणी नव्हतं. सहा वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा, दोघांना घेऊन आम्ही कोल्हापूरला गेलो.

लक्ष्मीपुरीत मिरची घ्यायची, थोरलीला चपला घ्यायच्या आणि दुपारची एस.टी. गाठायची, एवढीच कामं होती. आम्ही भरभर चालत होतो. धाकटा मागं पडला. आम्ही त्याचा हात धरून ओढला. तो रडू लागला, तशी आम्ही त्याला एक चापट दिली. तो रस्त्यातच बसला. तेव्हा आमच्या ध्यानात आलं. आपल्या एका पावलाला त्याची तीन पावलं पडतात. तो हट्ट करीत नव्हता, दमला होता. आम्हाला फार वाईट वाटलं. त्याला उचलून घेतलं, केळी खाऊ घातली आणि ठरवलं, गाडी चुकली तरी चालेल.

मग शिवाजी चौकाजवळ चपलांच्या दुकानात गेलो. थोरलीनं चप्पल उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "याला खिळा कुठं आहे?" कारागीर हसला. म्हणाला, "खिळा नाहीच, बाळ. चामड्याच्या वादीनं शिवलीय." त्यानं आणखीही सांगितलं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून हे चामडं कमावतात. जन्मभर आम्ही ही चप्पल पायात घातली, पण कधी निरखून पाहिली नव्हती! 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच ते नाव लावता येतं. आपल्या कारागिरांच्या हातांचा हा मान आहे.

गाडी चुकलीच. पुढच्या गाडीला दोन तास होते. आमची गाडी रंकाळा स्टँडवरून सुटते, म्हणून तळ्याच्या काठी बसलो. तिथं मोठा नंदी आहे. जुनी माणसं सांगतात, तो रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो. थोरली विचारात पडली. "मग तो तळ्यात कधी पोचणार?" आम्ही सगळेच खूप हसलो. असं निवांत हसून किती दिवस झाले होते!

स्टँडवर आम्ही गाडीची पाटी एकेक अक्षर लावून वाचली. थोरलीही आमच्याबरोबर वाचू लागली. आपण शिकलेलं असं उपयोगी पडलं.

तेव्हा मंडळी, पोरांना कधीतरी बाजाराला न्या. जड काम आधी उरका. पोरांना उपाशी ठेवू नका. चार कामांऐवजी दोनच करा. पोराचं नाव, गाव आणि आपला फोन नंबर एका चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहा आणि ती त्याच्या खिशात ठेवा. गर्दीत हात सुटला, तर ती चिठ्ठी पोराला घरी आणील.

आणि पोरानं काही विचारलं, तर घटकाभर थांबा. काम तर होतंच. त्या दिवशी आमच्या पिशवीत मिरचीच होती. पण घरी आलो ते हसत आलो.