बसलेला माणूस पडेल कसा?

‘बसूनच तर असतोस, पडशील कुठून?’ व्हीलचेअर वापरणाऱ्याने पडण्याची भीती बोलून दाखवली, की हे उत्तर हमखास मिळतं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात हाताने चालवायची व्हीलचेअर वापरणाऱ्या ५७७ जणांची पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले ५७ टक्क्यांहून अधिक लोक निदान एकदा तरी खुर्चीसकट उलटले होते किंवा खुर्चीतून पडले होते. तेव्हा या भीतीला मनाचा खेळ म्हणणं सरळसरळ अन्याय आहे.

पलंगावरून खुर्चीत किंवा खुर्चीतून कमोडवर सरकताना, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकताना, उंबरठा ओलांडताना तोल जातो. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात. ती फरशीच्या उंचवट्याला अडकली आणि मागून ढकलणारा घाईत असला, तर खुर्ची जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो.

ब्रेक लावला की धोका टळला, असं बहुतेकांना वाटतं. ब्रेकने मागची मोठी चाकं फिरायची थांबतात. खुर्ची कलंडायची थांबत नाही. खूप पुढे वाकल्यावर सगळा भार लहान चाकांवर येतो आणि ब्रेक लावलेली खुर्चीही पुढे झुकते. कमरेच्या पट्ट्याचंही तसंच. तो माणसाला खुर्चीत धरून ठेवतो, खुर्चीला जमिनीवर नाही. शिवाय सैल पट्टा वर सरकून छातीशी किंवा गळ्याशी येऊ शकतो, हे घरच्यांना क्वचितच कोणी सांगतं.

बॅटरीवर चालणारी स्कूटर जड असते म्हणून उलटत नाही, हाही भ्रमच. तीन चाकांची स्कूटर वेगात वळवली किंवा आडव्या उतारावर नेली, तर ती कलंडू शकते.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र प्रेमापोटी होतं. ‘घाबरतो ना, मग राहू दे घरात.’ हालचाल कमी झाली की हात आणि पाठ अशक्त होतात, तोल आणखी बिघडतो आणि भीती वाढते. तासन्‌तास एकाच जागी बसून त्वचेवर जखमा होतात त्या वेगळ्याच. या भीतीवर शिकवणीचा उपाय आहे. कॅनडातल्याच डलहौसी विद्यापीठाने व्हीलचेअर चालवण्याच्या कौशल्यांचा पद्धतशीर अभ्यासक्रम तयार केला आहे. अशा प्रशिक्षणात पडावं कसं हेही शिकवतात: खुर्ची मागे उलटू लागली तर हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं आपटत नाही, आणि आधारासाठी हात मागे टाकायचा नाही. पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रातले जखमी जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. त्या खेळात धडका आणि पडणं चालूच असतं.

पडल्यावरचा एक गैरसमज तर घातक आहे: दुखत नाही, म्हणजे लागलं नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्यांची पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात आणि संवेदना नसेल तर मोडलेलं हाडही दुखत नाही. पायाला सूज आली, तो गरम लागला किंवा पायातले झटके अचानक वाढले, तर एक्स-रे काढायलाच हवा.

शिकवणी घेऊनही वाट धोक्याची असेल, तर तो दोष खुर्चीतल्या माणसाचा नाही. उताराचं प्रमाण १:१२ हवं, असं भारतातल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट लांबीचा उतार लागतो. कितीतरी दुकानांपुढे आणि सोसायट्यांत एवढ्याच पायरीवर दोन फुटांची फळी टाकून ‘रॅम्प केला’ म्हणतात. अशा उतारावर चढताना खुर्ची मागे उलटते. सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारला दिला. तुमच्या इमारतीतला उतार मोजायला मात्र कोर्टाची वाट पाहायची गरज नाही. एक टेप घ्या, पायरीची उंची आणि उताराची लांबी मोजा, आणि बारापट भरत नसेल तर सोसायटीच्या पुढच्या सभेत तो विषय मांडाच.