ॲसिडची टाकी आणि गुलाबी दाणे

आज गंजाबद्दल बोलू. खिडकीच्या गजावरच्या गंजाबद्दल नाही, तर रसायनांच्या कारखान्यातल्या गंजाबद्दल. बडोदा असो, हैदराबाद असो की इंदूर, आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी अशा कारखान्यात जातं. म्हणून हा विषय फक्त इंजिनिअरांचा नाही.

माझी नोकरी लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या, तोफा आणि यंत्रं दुरुस्त ठेवणाऱ्या शाखेत झाली. तिथे गंजाशी रोजचीच लढाई. हत्यार साफ करा, तेलाचा हात फिरवा, तपासणीला दाखवा. निवृत्तीनंतर गुजरातमधल्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम पाहू लागलो. पहिल्याच आठवड्यात सल्फ्युरिक ॲसिडच्या मोठ्या टाकीपाशी उभा राहून ऑपरेटरला विचारलं, "हिला आतून अस्तर कशाचं?" तो म्हणाला, "काही नाही साहेब, साधं लोखंड." मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड साध्या लोखंडी टाकीत वर्षानुवर्षं राहतं. ॲसिड पहिल्यांदा लोखंडाला लागलं की पृष्ठभागावर आयर्न सल्फेटचा पातळ थर बसतो, आणि तोच थर पुढचं लोखंड वाचवतो. तेच ॲसिड पाणी घालून पातळ केलं, तर हा थर विरघळून जातो आणि ॲसिड लोखंड खायला लागतं. गाडीच्या बॅटरीत पातळ ॲसिड असतं, म्हणून तिचा डबा प्लास्टिकचा. म्हणजे इथे आपली नेहमीची समजूत उलटी करायची: तीव्र ॲसिड लोखंडाला सोसतं, पातळ ॲसिड सोसत नाही.

आता पाणी कुठून येतं? हवेतून. टाकीतून ॲसिड काढलं की पातळी खाली जाते आणि वरच्या नळीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात ती हवा ओलीचिंब. सल्फ्युरिक ॲसिड ओलावा शोषून घेतं. पातळ झालेलं ॲसिड हलकं, त्यामुळे ते वरच राहतं आणि टाकीचा वरचा पट्टा खातं. खाली पत्रा ठणठणीत, वर कागदासारखा. बाहेरचा रंग मात्र झकास!

शिवाय ॲसिड लोखंड खातं, तेव्हा हायड्रोजन वायू सुटतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत तो असला, तर एका ठिणगीनं स्फोट होऊ शकतो.

एका जुलै महिन्यात त्या टाकीच्या वरच्या नळीच्या जोडाशी सुईएवढं भोक पडलं. मेंटेनन्सचे प्रमुख परमिट घेऊन आले. "कर्नलसाहेब, दहा मिनिटांचं वेल्डिंग आहे. टाकी रिकामी केली तर प्लांट दोन दिवस बंद राहील." वेल्डर शेजारीच उभा होता, पंचविशीतला मुलगा. मी सही करण्याआधी गॅस मीटर घेऊन वर गेलो. भोकापाशी धरताच मीटर ओरडू लागला. सही केली नाही. बोलणी बरीच खाल्ली.

टाकी रिकामी केली. इथे आणखी एक मेख आहे: धुताना उरलेलं ॲसिड पातळ होतं, म्हणून हायड्रोजन तेव्हाही सुटतो. त्यामुळे धुऊन, वारा खेळवून, पुन्हा मीटर लावूनच माणूस आत गेला. वरचा पट्टा खूपच झिजलेला निघाला. कारण? हवेच्या नळीवर ओलावा टिपणारे सिलिका जेलचे दाणे होते. कोरडे असताना निळे, ओले झाले की गुलाबी. ते गुलाबी होऊन किती दिवस झाले होते, कुणालाच सांगता आलं नाही.

माझा हट्ट फाजील होता का? अमेरिकेत डेलावेअर सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १७ जुलै २००१ रोजी ॲसिडच्या टाक्यांजवळच्या पुलाची दुरुस्ती चालू होती. टाकीत वापरलेलं सल्फ्युरिक ॲसिड होतं, त्यात ज्वालाग्राही तेलांश होते, आणि गंजानं टाकीला भोकं पडलेली होती. ठिणगीनं आतली वाफ पेटली. एक कामगार गेला, आठ जखमी झाले. टाकी आतून तपासा असं निरीक्षकांनी आधीच सुचवलं होतं. तपासणी पुढे ढकलली गेली होती.

मग करायचं काय? पहिलं, पाणी आणि ओली हवा आत येऊ द्यायची नाही. दुसरं, पाइपातून ॲसिड फार वेगानं ढकलायचं नाही. लोखंडी पाइपात सेकंदाला साधारण एक मीटरच्या आत ठेवावं, नाहीतर तो रक्षक थर खरवडला जातो. तिसरं, रसायन बदललं की धातूचा विचार पुन्हा करायचा. हायड्रोक्लोरिक ॲसिडला रबराचं अस्तर लागतं, आणि क्लोराइड असलं तर स्टेनलेस स्टीललाही बारीक भोकं पडतात.

चौथं, जाडी मोजायची. अल्ट्रासोनिक मीटर बाहेरूनच पत्र्याची जाडी सांगतो. समजा १० मिलिमीटरचा पत्रा पाच वर्षांत ८ वर आला, म्हणजे वर्षाला ०.४ गेला. किमान ६ हवा असेल, तर पाच वर्षं उरली. पण पुढची मोजणी पाच वर्षांनी नाही, त्याच्या निम्म्या काळातच. आणि मोजायचं ते वरच्या पट्ट्यात, नळ्यांच्या जोडांशी. हात सहज पोचतो तिथे नव्हे.

तुमच्या घरातलं कुणी अशा कारखान्यात असेल, तर त्याला आज संध्याकाळी एवढंच विचारा: टाकीवरचे दाणे निळे आहेत की गुलाबी? त्या वेल्डर मुलाला बहुधा आठवतही नसेल, पण त्या दिवशी तो जेवायच्या सुट्टीत डबा खायला बसला, याचं समाधान मला पुरेसं आहे.

जय हिंद!