दोन दांड्यांच्या रेंजसाठी

२०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीसाठी घरच्यांनी डोंगरावर झोपडी उभारली. ऑनलाइन वर्गाला पुरेल एवढी रेंज तिथेच मिळत होती. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण व्हिडिओ सेवा उभारणाऱ्यांनी नेट कोणाचं गृहीत धरलं होतं, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

याच तालुक्यातलं खारेपाटण महामार्गावर आहे, पण आजूबाजूच्या वाड्या डोंगराआड. अशा ठिकाणी ब्राउझरमधला कॉल सोयीचा, कारण वेगळं ॲप उतरवावं लागत नाही. लिंक उघडायची, कॅमेरा-माइकला परवानगी द्यायची, की बोलणं सुरू. हे शक्य केलं ‘वेबआरटीसी’ या तंत्रप्रणालीने. गूगलने २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली, २०१३ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स एकमेकांशी बोलले आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला.

अशी सेवा आखताना पहिली अडचण फोनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याची. मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यामुळे ‘स्टन’ सर्व्हरला विचारून फोन आपला बाहेरचा पत्ता शोधतो. तरीही थेट वाट सापडली नाही, तर सगळा कॉल ‘टर्न’ सर्व्हरमार्फत वळवावा लागतो. त्याचा डेटाखर्च सेवा चालवणाऱ्यावर पडतो, म्हणून लहान कंपन्या नेमकी इथेच काटकसर करतात. शहरातल्या चाचणीत काही बिघडत नाही. गावातला माणूस मात्र ‘कनेक्ट होत आहे’ बघत बसतो. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवावेत.

दुसरा प्रश्न गर्दीचा. दहाजण थेट जोडले तर प्रत्येकाला आपलं चित्र नऊ वेळा पाठवावं लागतं. साधा फोन तापतो, डेटा संपतो. मध्ये वाटप करणारा सर्व्हर ठेवला की तेच चित्र एकाच जागी पाठवायचं. ते लहान-मोठ्या आकारांत पाठवलं, तर सर्व्हर ज्याच्या त्याच्या नेटप्रमाणे आकार निवडतो. खारेपाटण हे विजयदुर्गच्या खाडीवरचं जुनं बंदर. गाळ साचत गेल्यावर मोठी गलबतं आत येईनाशी झाली, तरी होड्यांना वाट होती. तसंच हे.

सगळ्यात महत्त्वाचा मात्र आवाज. २०१२ मध्ये प्रमाणित झालेलं ‘ओपस’ तंत्र सेकंदाला अवघ्या ६ किलोबिटपासून बोलणं पोचवू शकतं. बऱ्या चित्राला शेकडो किलोबिट लागतात. म्हणून नेट घसरलं की आधी चित्र बारीक करावं, मग बंद करावं, पण आवाज तुटू देऊ नये. एकीकडून दुसरीकडे आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागू नयेत, असा दूरध्वनी क्षेत्रातला जुना दंडक आहे. त्यापलीकडे माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. ई-संजीवनी ही सी-डॅकच्या मोहाली केंद्राने विकसित केलेली सरकारी सेवा. तिच्यावर रुग्ण डॉक्टरला ‘छातीत दुखतंय’ सांगतो, तेव्हा चेहरा धूसर दिसला तरी चालेल, शब्द गळून चालणार नाही.

पुण्या-मुंबईत अशा सेवा बांधणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: गावी याल तेव्हा, भर पावसात, घरातल्या जुन्या फोनवर आपलीच सेवा उघडून बघा. जिथे अडेल, तिथून कामाची यादी सुरू करा.