वड (वृक्ष)

वड (शास्त्रीय नाव: फायकस बेंगालेन्सिस) हा मोरेसी कुलातील, बहुधा सदाहरित असणारा विशाल वृक्ष आहे. पिंपळ, उंबर व अंजीर हे त्याच प्रजातीतील वृक्ष होत. वड मूळचा भारतीय उपखंडातील असून तो भारताचा राष्ट्रीय वृक्ष आहे. कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. संस्कृतमध्ये त्यास वट व न्यग्रोध म्हणतात. न्यग्रोध म्हणजे खालच्या दिशेने वाढणारा. पारंब्यांबरोबरच दुसऱ्या झाडावर किंवा भिंतीवर रुजून खाली मुळे सोडण्याची वडाची सवय या नावातून सूचित होते.

== वर्णन ==
वडाची पाने जाड, चिवट व अंडाकृती असून साधारणपणे १० ते २० सेंमी. लांब असतात. पान वा फांदी तोडल्यास पांढरा चीक येतो. फांद्यांपासून निघालेल्या पारंब्या जमिनीत शिरल्यावर जाड होऊन खांबांप्रमाणे आधार देतात. त्यामुळे मूळ खोड नष्ट झाले तरी वृक्ष जगू शकतो. कोलकात्याजवळील शिबपूर येथील वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मुख्य खोड बुरशीने ग्रासल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकण्यात आले, तरीही तो वृक्ष पारंब्यांच्या आधारे वाढत आहे.

== दुसऱ्या झाडावरील वाढ ==
पक्ष्यांच्या विष्ठेतून वडाचे बी झाडाच्या बेचक्यात किंवा सालीच्या खाचेत पडते व साठलेल्या पालापाचोळ्यात रुजते. सुरुवातीला रोप अपिवनस्पतीप्रमाणे वाढते. म्हणजे ते आधार घेते, परंतु आधारवृक्षातून अन्नरस शोषत नाही. म्हणून त्यास बांडगूळ म्हणणे योग्य नाही. मुळे जमिनीपर्यंत पोचली की वाढीचा वेग वाढतो. मुळे एकमेकांना चिकटून आधारवृक्षाच्या खोडाभोवती जाळे तयार होते. या जाळ्यामुळे खोडाच्या जाड होण्यास अडथळा येतो, तर वडाच्या दाट पर्णसंभारामुळे आधारवृक्षाला ऊन मिळत नाही. पाणी व क्षारांसाठीही स्पर्धा होते. अनेक वर्षांनंतर आधारवृक्ष मरू शकतो. शिंदी व ताड यांची खोडे इतर वृक्षांप्रमाणे सतत जाड होत नाहीत, त्यामुळे ती या विळख्यात अधिक काळ तग धरतात.

== परागण व बीजप्रसार ==
वडाचे फळ म्हणून ओळखला जाणारा लाल गोळा हा वास्तविक पोकळ पुष्पबंध असतो. त्याच्या आतील बाजूस अनेक सूक्ष्म फुले असतात. वडाचे परागण युप्रिस्टिना मसोनी ही इवलीशी गांधीलमाशीसारखी कीटकजाती करते. मादी अरुंद छिद्रातून आत शिरते, काही फुलांत अंडी घालते व सोबत आणलेल्या परागाने इतर फुलांचे परागण करते. आत वाढलेल्या पिढीतील नर पंखहीन असतात. माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. हे कीटक नष्ट झाल्यास वडाला बी धरणार नाही आणि वड नसल्यास या कीटकांचीही पैदास होणार नाही.

हरियाल, तांबट, कोकीळ, बुलबुल, मैना, वटवाघळे व माकडे ही फळे खातात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे.

== बुलढाणा जिल्ह्यातील महत्त्व ==
बुलढाणा जिल्ह्यातील अरण्ये मुख्यतः शुष्क पानझडी प्रकारची आहेत. उन्हाळ्यात साग, सालई यांसारखे वृक्ष निष्पर्ण असताना वडाची सावली व फळे प्राण्यांना उपयोगी पडतात. ज्ञानगंगा, अंबाबरवा व लोणार ही जिल्ह्यातील अभयारण्ये होत.

वडाची हीच वाढ दगडी वास्तूंना मात्र घातक ठरते. लोणार येथील दैत्यसूदन मंदिर, सरोवराकाठचे कमळजादेवी मंदिर आणि सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा राजवाडा अशा जुन्या वास्तूंचा जिल्ह्याला वारसा आहे. अशा बांधकामाच्या सांध्यात वड किंवा पिंपळ रुजल्यास मुळे जाड होताना दगड सरकतात व फटींतून पाणी मुरते. केवळ शेंडा छाटल्याने उपयोग होत नाही, कारण बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. मोठे झाड ओढून काढल्यास मुळांबरोबर दगडही निखळू शकतात. म्हणून रोप लहान असतानाच मुळासकट काढणे व मोकळ्या जागी लावणे हा सुरक्षित उपाय होय. त्यामुळे वास्तूही टिकते व वृक्षही.

== उपयोग ==
पानांच्या पत्रावळी करतात. कोवळ्या पारंब्यांचा दातवणासाठी व त्यांच्या धाग्यांचा दोरांसाठी उपयोग होतो. पाला शेळ्या व गुरे खातात. भेगाळलेल्या टाचांवर चीक लावण्याची प्रथा आहे. आयुर्वेदातील पंचवल्कलात वड, पिंपळ, उंबर, पायर व पारोसा पिंपळ यांच्या सालींचा समावेश होतो. रस्त्याच्या कडेला सावलीसाठी वड लावतात. गावोगावी त्याभोवती बांधलेले पार ही बैठकीची जागा असते.

== संस्कृती व संवर्धन ==
ज्येष्ठ पौर्णिमेला, म्हणजे वटपौर्णिमेस, विवाहित स्त्रिया वडाची पूजा करून त्याला सूत गुंडाळतात. या दिवशी विक्रीसाठी फांद्या तोडल्याने वृक्षांची हानी होते. फांदीऐवजी उभ्या वृक्षाची पूजा केल्यास ती टळते. वडाच्या फांद्या जमिनीत लावूनही नवी झाडे तयार करता येतात. पावसाळ्याच्या आरंभी अशी लागवड करणे सोयीचे असते.