येशू ख्रिस्ताच्या विवाहाचा वाद : पुरावा, मौन आणि अन्वयार्थ

प्रास्ताविक

ख्रिस्ती धर्माचा संस्थापक येशू विवाहित होता काय, हा प्रश्न डॅन ब्राऊन यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीमुळे जगभरातील सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. २००६ मध्ये या कादंबरीवर आधारित चित्रपट भारतात आला, तेव्हा ख्रिस्ती संघटनांनी त्यास आक्षेप घेतला आणि गोव्यासह काही राज्यांनी त्याच्या प्रदर्शनावर बंदी घातली. त्यामुळे हा वाद म्हणजे एका लोकप्रिय लेखकाने उठविलेले वादळ होय, असा समज रूढ झाला. वस्तुतः हा प्रश्न किमान अठराशे वर्षे जुना आहे. तो ज्या ज्या काळी विचारला गेला, त्या त्या काळी त्यामागे दुसराच एखादा प्रश्न उभा होता. उपलब्ध पुरावा काय सांगतो, काय सांगत नाही आणि या वादात नेमके काय पणाला लागलेले असते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शुभवर्तमानांचे मौन

येशूच्या जीवनाची प्रमुख साधने म्हणजे नव्या करारातील मार्क, मत्तय, लूक व योहान ही चार शुभवर्तमाने. त्यांची रचना साधारणपणे इ. स. ७० ते १०० या काळात झाली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. या ग्रंथांत येशूच्या आईचा उल्लेख आहे. याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन या चार भावांची नावे मार्क देतो व बहिणींचाही निर्देश करतो. पेत्राच्या सासूचा आजार बरा केल्याची हकीकतही आहे. म्हणजे पेत्र विवाहित होता. येशूच्या पत्नीचा मात्र कोठेही उल्लेख नाही आणि तो अविवाहित होता, असे विधानही नाही.

या मौनाचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने लावला आहे. विल्यम फिप्स यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला की, तत्कालीन यहुदी समाजात विवाह व संतती हे धर्मकर्तव्य मानले जाई. म्हणून तिशीतील धर्मोपदेशक अविवाहित असता, तर त्याचीच विशेष नोंद झाली असती. हा युक्तिवाद प्रथमदर्शनी आकर्षक आहे. परंतु त्याच समाजात अपवादही होते. इसीन पंथीयांपैकी अनेकजण ब्रह्मचर्य पाळीत, असे फिलो व जोसेफस हे दोन्ही प्राचीन यहुदी लेखक सांगतात. यिर्मया संदेष्ट्याला विवाह न करण्याची आज्ञा झाल्याचे त्याच्याच ग्रंथात नोंदविले आहे. स्वतः पौलही अविवाहित राहिला.

याउलट, येशू अविवाहित होता असे मानणारे अभ्यासक पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राकडे बोट दाखवितात. इ. स. ५५ च्या सुमाराच्या या पत्राच्या नवव्या अध्यायात, पत्नीला बरोबर घेऊन फिरण्याचा प्रेषितांचा अधिकार सांगताना पौल इतर प्रेषितांचे, प्रभूच्या भावांचे आणि केफाचे, म्हणजे पेत्राचे, उदाहरण देतो. येशू विवाहित असता, तर सर्वांत प्रबळ दाखला त्याचाच ठरला असता. हा मुद्दा वजनदार आहे. तथापि त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात पौल अविवाहित राहण्याची शिफारस करतो आणि तेथेही येशूचे उदाहरण देत नाही; उलट कुमारिकांविषयी आपल्याजवळ प्रभूची आज्ञा नाही, असे तो स्पष्टपणे सांगतो. एकाच लेखकाचे एकाच पत्रातील मौन दोन विरुद्ध दिशांना नेता येते, याहून मौनाधारित युक्तिवादाची मर्यादा दाखविणारे दुसरे चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

वादाचा उगम : श्रद्धावंतांचा विवाह

येशूच्या अविवाहित असण्याचे स्पष्ट विधान दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आढळते आणि ते ज्या संदर्भात येते, तो संदर्भ महत्त्वाचा आहे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा विवाहाला पाप मानणाऱ्या काही ख्रिस्ती गटांशी वाद घालीत होता. प्रभूने विवाह केला नाही, म्हणून आम्हीही करीत नाही, असे या गटांचे म्हणणे होते. क्लेमेंट येशूचे अविवाहित असणे नाकारीत नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष नाकारतो. येशूची वधू म्हणजे ख्रिस्तमंडळी होय, शिवाय तो सामान्य मनुष्य नसल्याने त्याला देहाने साहाय्य करणाऱ्या सहचरीची वा संततीची आवश्यकता नव्हती, असे त्याचे प्रतिपादन आहे. पेत्र व फिलिप हे प्रेषित संसारी होते, याचीही तो आठवण करून देतो. म्हणजेच चर्चा येशूविषयी असली, तरी निकाल लावायचा होता तो सर्वसामान्य ख्रिस्ती स्त्रीपुरुषांच्या विवाहाचा.

पुढील काळात हाच प्रश्न धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याशी जोडला गेला. पाश्चात्त्य चर्चमध्ये ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने उच्च धर्मपदांवरील व्यक्तींचे विवाह अवैध ठरविले. पौर्वात्य चर्चने विवाहित पुरुषांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याची प्रथा कायम ठेवली, तर १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने विवाह करून प्रॉटेस्टंट पंथांसाठी वेगळा पायंडा पाडला. महाराष्ट्रातही हे दोन्ही प्रवाह दिसतात. वसईच्या कॅथलिक परंपरेतील धर्मगुरू ब्रह्मचारी असतात, तर प्रॉटेस्टंट परंपरेतील रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा संसार लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. या सर्व परंपरांनी येशूला सामान्यतः अविवाहितच मानले. तरीही त्यावरून काढलेले नियम एकमेकांहून भिन्न आहेत. नायसियाच्या विश्वासांगीकारातही येशूच्या वैवाहिक स्थितीचा शब्द नाही. त्यामुळे ऐतिहासिक तथ्यातून धर्मनियम आपोआप निघतो, ही समजूत टिकत नाही.

मग्दालीया मरीया : पापिणी, पत्नी की साक्षीदार?

विवाहाच्या पक्षात बहुधा मग्दालीया मरीयेचे नाव पुढे केले जाते. शुभवर्तमानांनुसार ती येशूबरोबर फिरणाऱ्या व आपल्या द्रव्याने त्याच्या कार्याला साहाय्य करणाऱ्या स्त्रियांपैकी एक होती. क्रूसाजवळ ती उपस्थित होती आणि योहानाच्या वृत्तांतात पुनरुत्थित येशूचे पहिले दर्शन तिलाच होते. लूक या स्त्रियांची नावे देताना योहान्नेची ओळख हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी म्हणून करून देतो. मरीयेची ओळख मात्र मग्दाला या गावावरून होते. कोणत्याही पुरुषाच्या नात्याने नव्हे. ती येशूची पत्नी असती, तर ही ओळख देण्याची पद्धत अनाकलनीय ठरते.

इ. स. ५९१ च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया आणि लूकच्या सातव्या अध्यायातील निनावी पापी स्त्री या तिघींना एकरूप मानले. त्यामुळे पश्चात्तापदग्ध वेश्या ही तिची प्रतिमा पाश्चात्त्य कलेत व प्रवचनांत शतकानुशतके रुजली. पौर्वात्य चर्चने हे एकीकरण स्वीकारले नाही. कॅथलिक चर्चने १९६९ च्या धार्मिक दिनदर्शिकेच्या सुधारणेत ते दूर केले आणि २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

१९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक ग्रंथांपैकी ‘फिलिपचे शुभवर्तमान’ हा विवाहवाद्यांचा प्रमुख आधार होय. त्यात मरीयेला येशूची सोबतीण म्हटले आहे आणि येशू तिचे चुंबन घेत असे, असा उल्लेख आहे. तथापि ज्या ठिकाणी चुंबनाचा तपशील असावा, तेथेच हस्तलिखित फाटलेले आहे. ‘सोबतीण’ या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द भागीदार, सहकारी अशा अनेक अर्थांनी वापरला जाई. शिवाय याच ग्रंथात अन्यत्र चुंबन हे आध्यात्मिक जन्माचे साधन मानले आहे. हा ग्रंथ दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील असल्याने तो त्या काळातील एका पंथाच्या गूढ कल्पनांचा पुरावा आहे. गालीलातील गृहजीवनाचा नव्हे.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. एका परंपरेने मरीयेला पापिणी केले, तर आधुनिक कादंबरीने तिला पत्नी व माता केले. दोन्ही प्रतिमांत तिचे मूल्य पुरुषाशी असलेल्या संबंधावरूनच ठरते. ज्या ग्रंथांचा आधार घेतला जातो, ते मात्र तिला प्रथम साक्षीदार म्हणून उभे करतात.

२०१२ चा पपायरस : एक धडा

१८ सप्टेंबर २०१२ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापिका कॅरेन किंग यांनी रोम येथील कॉप्टिक अभ्यास परिषदेत सुमारे आठ सेंटिमीटर लांब व चार सेंटिमीटर रुंद असा पपायरसचा तुकडा सादर केला. त्यावरील त्रुटित कॉप्टिक मजकुरात येशू आपल्या पत्नीचा उल्लेख करीत असल्याचे दिसत होते. हा तुकडा येशूच्या विवाहाचा ऐतिहासिक पुरावा नव्हे, असे किंग यांनी प्रारंभापासूनच स्पष्ट केले होते. परंतु त्यांनी त्याला दिलेल्या ‘येशूच्या पत्नीचे शुभवर्तमान’ या नावाने वृत्तपत्रांचे मथळे भरले.

कार्बन कालमापनाने पपायरस सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचा ठरला आणि शाईच्या परीक्षणात आधुनिक द्रव्य आढळले नाही. २०१४ मध्ये ‘हार्वर्ड थिऑलॉजिकल रिव्ह्यू’ने हे संशोधन प्रसिद्ध केले. मात्र जुना कोरा पपायरस मिळविणे व काजळीची शाई तयार करणे अशक्य नसते. भाषाभ्यासकांनी दाखविले की, मजकुराचे शब्द ‘थोमाच्या शुभवर्तमाना’तून जुळवलेले असून त्या ग्रंथाच्या एका संकेतस्थळावरील आवृत्तीतील चूकही त्यात जशीच्या तशी उतरली आहे. त्याच संग्रहातील, त्याच हस्ताक्षराचा दुसरा तुकडा १९२४ साली छापलेल्या योहानाच्या कॉप्टिक आवृत्तीवरून नकललेला आढळला. अखेर २०१६ मध्ये पत्रकार एरियल सेबर यांनी ‘द अटलांटिक’ या नियतकालिकात मालकाच्या पूर्वेतिहासाचा शोध प्रसिद्ध केला आणि तुकडा बहुधा बनावट असल्याचे किंग यांनीही मान्य केले.

येथे प्रयोगशाळेने चुकीचे उत्तर दिले नाही. तिला विचारलेला प्रश्न अपुरा होता. वस्तू कोठून आली व कोणाच्या हातून आली, याची तपासणी मजकुराच्या अर्थनिर्णयापूर्वी व्हावयास हवी होती.

निष्कर्ष

१. येशूच्या विवाहाचा एकही विश्वसनीय प्राचीन उल्लेख उपलब्ध नाही. तो अविवाहित असणे अधिक संभाव्य वाटते. परंतु ते संभाव्यतेचे विधान आहे, सिद्ध तथ्य नव्हे.

२. या वादाने विवाहाची पवित्रता, धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य आणि स्त्रियांचा धार्मिक अधिकार हे प्रश्न प्रत्येक काळात येशूच्या नावाने मांडले. त्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याच गुणवत्तेवर शोधावी लागतील.

३. उत्तरकालीन ग्रंथ ज्या काळात लिहिला गेला, त्या काळाचा तो साक्षीदार असतो, हे तत्त्व विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी हा विषय विशेष उपयुक्त आहे. संत, संस्थापक व महापुरुष यांच्या चरित्रांचा अभ्यास सर्वच धर्मपरंपरांत होतो. तेथेही हीच कसोटी लागू पडते.

श्रद्धा दुखावेल म्हणून प्रश्न टाळणे आणि उत्तर सनसनाटी आहे म्हणून पुरावा न तपासणे, हे दोन्ही दोष अभ्यासकाने टाळले पाहिजेत. कोणाच्याही मौनात आपल्याला हवे असलेले शब्द घालण्याचा अधिकार श्रद्धावंताला नाही. तसाच तो संशोधकालाही नाही.